राजाबाईशेजारची जागा

पुणे,
भाद्रपद शुद्ध द्वितीया, शके १८४८

सौ. तानूवहिनींस,

गेणूचा साष्टांग नमस्कार. हे पत्र वाचून झालं की वरच्या कोनाड्यात ठेवा. मागच्या पत्राचा अर्धा भाग कोकरानं खाल्ला असं दादा सांगत होता, आणि नेमक्या त्याच अर्ध्यात मी जरा बरं लिहिलं होतं.

कामाचं आधी. आजीची वाकी आणि तिच्या सासूचा, राजाबाई पणजीचा, चिरलेला टाक, दोन्ही जिन्नस सुखरूप पुण्यात पोचले. वाटभर मी छातीशी धरून बसलो होतो. गाडीतल्या एका बाईनं तान्हं मूल आहे असं समजून मला सरकून जागा दिली, ती मी घेतली. काल रजा मागायला हेडमास्तरांकडे गेलो आणि त्यांना समजावून सांगू लागलो, की आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की वर्ष सरल्यावर चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त उठवून देवात बसवतात, त्याला टाक म्हणतात. ते म्हणाले, ठाऊक आहे, आमच्याही घरात आहेत, तुम्ही मला शिकवू नका. रजा मात्र अर्ध्या दिवसाची दिली.

भिकूशेट सोनारांना मी स्पष्ट बजावलं आहे. आजीच्या वाकीतून आजी घडवायची, राजाबाईच्या जुन्या चांदीतून राजाबाई, आणि दोघींची चांदी एकमेकींत मिसळायची नाही. शिवाय आजीचा चेहरा हुबेहूब यायला हवा म्हणून मी स्वतः पाटीवर तिचं चित्र काढून नेलं. नाक थोडं मोठं झालं, पण बाकी झकास जमलं आहे. शेटजी बराच वेळ बघत होते.

चित्र काढताना आजी शाळेत आली होती तो दिवस आठवला. उरवड्याहून चालत आली, वर्गाच्या दाराबाहेर पाय पसरून बसली आणि टकळीवर लोकर कातायला लागली. मी तेव्हा नवा मास्तर, पोरांसमोर लाजून मेलो. ही आमच्या गावची एक म्हातारी, असं सांगितलं. सुट्टी झाल्यावर ती हेडमास्तरांना म्हणाली, "पोरं अशी खेटून कोंडू नगा, दमट हवंत मेंढरंबी मरत्यात." त्या आठवड्यात वर्गाला दुसरी खिडकी पाडली. मी आजतागायत त्या खिडकीशेजारी बसून शिकवतो.

वहिनी, एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच, तरी लिहितो. गेल्या श्रावणात आजीनं सगळ्यांदेखत मला जवळ बोलावून सांगितलं, "गेणू, देवात मला त्या म्हातारीशेजारी बसवू नगं. जिती असताना लई ऐकलं तिचं." मी भंडारा कपाळाला लावून शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत परीक्षा म्हणून पुण्याला निघून आलो. परीक्षा झाली, पोरं नापास झाली आणि मी आजीच्या मातीलाही पोचलो नाही. ते फार सलतं. म्हणून घटस्थापनेला आजी दाराकडच्या टोकाला बसली पाहिजे, तिथून तिला वाड्यातली मेंढरं दिसतील. राजाबाई आहे तिथेच, बिरोबाच्या डाव्या हाताला राहू दे. आजीसाठी एवढं एक काम तरी मी धड करणार आहे.

आपला,
गेणू

*

उरवडे,
गौरी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिशी

गेणूभावजीस तानूचा नमस्कार.

वरची ओळ तुमी शिकवली तशी लिवली. आता माझ्या मनानं लिवते. कोकरानं पत्र खाल्लं ह्ये खरं हाय, पर त्याला त्या दिशी ढाळ लागली. तवा तुमी काय लिवलं व्हतं ते तुमचं तुमी बघा.

तुमी चितार काढलं ह्ये वाचून मी तुमच्या दादास्नी वाचून दाखवलं. त्ये म्हणाले, गेण्यानं लहानपणी बैल काढला व्हता, त्याला सगळी कासव म्हणत व्हती. त्या सोनाराची मला कीव येती.

हितं पाऊस हाय, पर निम्मा. पल्याड ताम्हिणीकडं अजून धो धो चाललाय. मेंढरं घाटाखाली न्यायची त्ये दिवाळी झाल्यावर. चितकबऱ्या मेंढीला दोन झाली, एक चुलीपाशी टोपलीत ठिवलंय. आजी असती तर टोपलीशेजारी आपली वाकळ आंथरून निजली असती आणि आमास्नी म्हणाली असती, तुमी निजा, तुमास्नी काय कळतंय.

तिच्यावाचून घर कसं वाटतंय म्हणून इचारलं व्हतं मागं, त्ये आता सांगते. सकाळी भाकरी झाली की पैला तुकडा कुत्र्याला, मग देवाला, असा तिचा नेम. एकदा बामणानं टोकलं, तर म्हणाली, "देवाला उपास सोसतो, कुत्र्याला सोसत न्हाई." मी नेम मोडला न्हाई. पर भाकरी टाकताना हात थांबतो. वाटतं, मागनं म्हातारी बोलंल, एवढासाच तुकडा व्हय गं, तुझ्या बापानं पाळलं का ते कुत्रं. आता कुणी बोलत न्हाई. भाकरीबी पैल्यावानी फुगत न्हाई, त्ये काय म्हणून ठावं न्हाई.

आणि देव घासायचं. दर अमुशेला चिंच आणि राख घेऊन बसायची. बिरोबाला घासताना म्हणायची, मेंढरं तुझी, राखण माझी, लांडगा आला तर जबाब तू द्यायचा. आणि राजाबाईचा टाक हातात घेतला की तोंड सुटायचं. बोला की सासूबाई, माझ्या भाकरीला नावं ठिवत व्हता न्हवं, आता राख खावा. अशी घासायची की राजाबाईचं नाकडोळं झिजून सपाट झालं. तुमी सोनाराकडं दिला तवा त्यावर बाई हाय का पाटी हाय, काय कळत न्हवतं. चीर पडली ती त्यानंच.

टाक आलं म्हंजे दोन्हीस्नी निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधून ठिवा. तुमचा भरवसा न्हाई. दुसरं म्हंजे, देवात कुणी कुटं बसायचं त्ये मी बघते. बाप्यांनी त्यात पडू नगं. घट बसवायचं काम पैल्यापासनं बायकांचं हाय.

तानू

*

पुणे,
भाद्रपद वद्य चतुर्थी

सौ. तानूवहिनींस,

सा. नमस्कार. टाक तयार झाले. फार सुरेख आहेत. दोन्ही अगदी चकचकीत.

चित्राचं म्हणाल तर शेटजी म्हणाले, मास्तर, तुम्ही घोडा चांगला काढला आहे, पण बाईच्या टाकाला घोडा लागत नाही. त्यांच्याकडे बाईमाणसाचा एक लोखंडी ठसा आहे. हात जोडलेले, डोईवर पदर, मोठे डोळे. पंचक्रोशीतल्या सगळ्या बायका त्यातूनच निघतात. म्हणजे आजी आणि राजाबाई आता सारख्याच दिसतात. तुमच्या सांगण्याप्रमाणे दोरे बांधलेले होते, आजीला तांबडा, राजाबाईला काळा. तेव्हा त्याची काळजी नको.

जाता जाता एक सहज विचारतो. जुन्या चांदीचा वास नव्या चांदीपेक्षा वेगळा येतो का? आजी काही म्हणाली असेल. किंवा राजाबाईचा टाक हातात घेतल्यावर आजीच्या तोंडून पहिली शिवी कोणती निघायची, ते आठवत असेल तर कळवा. सहज. शाळेत मी पोरांना घरच्या माणसांवर निबंध लिहायला सांगणार आहे.

हवा बरी आहे. सर्दी नाही. भैरू गाडीवाला इकडे येणार आहे का?

आपला,
गेणू

*

उरवडे,
पितरपाटातली सप्तमी

गेणूभावजी,

दोरं बांधलेलं व्हतं असं लिवलंय. बांधलेलं हायेत असं न्हाई लिवलं. मी तुमचीच शिकलेली हाय.

चांदीचा वास मला कधी आला न्हाई. तुमच्या पत्राला मातूर घोळाचा वास येतोय. शिवी कंची म्हणून इचारता, तर ती एक न्हवती. पैली "थेरडे" म्हणायची, मग घासायला जोर लागला की माहेराला हात घालायची. पोरांस्नी असला निबंध सांगशीला तर शाळेतनं घालवतील.

काय झालंय ते सरळ लिवा. तुमच्या दादास्नी मी अजून काय बोलले न्हाई. त्यांनी आजच इचारलं, टाक कवा येणार. मी म्हणलं, आलंच. आदीच त्ये म्हणत असत्यात, गेण्या सातवी शिकला पर त्याला एक कोकरू सांबाळाय दिलं तर दोन हरवून येईल. सर्वपित्रीला देव नदीवर धुवायचं, दुसऱ्या दिशी घट. आजीबिगर देव बसवलं तर वरीसभर तिची जागा मोकळी दिसंल, आणि त्यात माझा जीव लागणार न्हाई. कायबी झालेलं असू द्या, टाक धाडून द्या. भैरू येत्या बाजाराला पुण्यात येतोय.

टाकच हरवलं असलं तर मातूर तुमी सोता या आणि तुमच्या दादाफुडं हुबं ऱ्हावा. म्या मदी पडणार न्हाई.

तानू

*

पुणे,
भाद्रपद वद्य दशमी

वहिनी,

टाक हरवलेले नाहीत. भैरूबरोबर पाठवत आहे, लोकरीत गुंडाळून. हरवलं आहे ते एवढंच, की त्यांतली आजी कोण आणि राजाबाई कोण.

सगळं सांगतो. हसायचं असेल तर दादा मेंढरं घेऊन गेल्यावर हसा.

टाक घरी आणले. दोरे होते. खिडकीत ठेवून बराच वेळ बघत बसलो. मग वाटलं, आजीनं इतकी वर्षं दर अमावास्येला देव घासले, आपण एकदा तरी तिच्या हातानं घासून पाहावं. चिंच नव्हती, राखुंडी होती. दोरे ओले होतील म्हणून सोडून बाजूला ठेवले. इथवर माझं डोकं ठिकाणावर होतं, हे लक्षात घ्या. मी आजीसारखी मांडी घातली, डोक्यावर उपरणं घेतलं, राजाबाईचा टाक उजव्या हातात धरला आणि म्हणालो, बोला की सासूबाई.

मग काय झालं कोण जाणे. तोंड सुटलंच. थेरडे, माझ्या भाकरीला नावं ठिवती व्हय. माझ्या गेणूला शेळीचं दूध दिलं तर तुझ्या पोटात दुखतं व्हय. राजाबाई मी जन्मायच्या कितीतरी आधी गेली होती, पण आजीला त्याचं कधी काही वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. आजीचा आवाज माझ्या घशातून असा निघायला लागला, की मीच ऐकत बसलो. वहिनी, वर्षभरात पहिल्यांदा ती खोलीत आल्यासारखी वाटली. मी रडत होतो आणि शिव्याही देत होतो, आणि घासत होतो.

तेवढ्यात दारात शेजारचे कुशाबा. त्यांच्या मुलाला मी शुद्ध बोलायला शिकवतो. आदल्याच दिवशी त्याला "व्हय" म्हणाल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं. आणि मास्तर स्वतः डोक्यावर उपरणं घेऊन चांदीच्या बाईला "थेरडे" म्हणतोय, हे त्यांनी उंबऱ्यातून पाहिलं. मी गडबडून उठलो, दोन्ही टाक एका मुठीत धरून पाठीमागं लपवले आणि म्हणालो, काही नाही, उद्याच्या धड्याची तयारी. ते म्हणाले, कोणत्या इयत्तेचा?

ते गेल्यावर मूठ उघडली. दोन आज्या, सारख्या हसणाऱ्या. तेव्हापासून मी त्या उजेडात धरून पाहिल्या, कानाशी धरल्या, वास घेतला. सोनाराकडे गेलो, तर तो म्हणाला, दोऱ्याचं काम दोऱ्यानं केलं होतं, पुढचं तुमचं. दुसरं काहीही विसरलो असतो तर मी हसून घेतलं असतं. पण मी आजीला शब्द दिला होता आणि आता तिला दाराशी बसवायला जावं तर कदाचित राजाबाईच दाराशी बसेल आणि आजी जन्मभराच्या सासूच्या जागेवर. जिवंतपणी तिला मी गावची एक म्हातारी म्हणालो, आणि आता ती मला ओळखूही येत नाही. मला रात्री जेवण जात नाही.

तुम्हांला काही खूण दिसली तर बघा. नाही दिसली तर दादाला तुम्हीच सांगा. मी दसऱ्याला यावं की नाही, तेही त्यालाच विचारून कळवा.

तुमचा,
गेणू

*

उरवडे,
घट बसलं त्या दिशी, तिसऱ्या पारी

गेणूभावजी,

पैलं जेवा. तुमचं पत्र वाचून मी हसले, लई हसले, मग रडले. तुमचं दादा मेंढरं घेऊन गेलं व्हतं. त्यांस्नी सांगितलेलं न्हाई आणि सांगणारबी न्हाई. त्यांनी सकाळी घट बघितला, हात जोडलं आणि म्हणाले, गेण्यानं एक काम धड केलं. ऐकायला बरं वाटलं म्हणून लिवलं.

काल नदीवर देव धुवायला नेलं. चुलत जावंला पुढं धाडली आणि मी एकलीच दोघीस्नी घेऊन बसले. खूण हुडकली. न्हाईच. तवा मीबी तुमच्यावानीच केलं. एकीला हातात धरून म्हणलं, थेरडे. मग दुसरीला. वाटलं, जी खरी राजाबाई असंल तिला राग यील, जी आजी असंल ती हसंल. दोघीबी तशाच हसत व्हत्या. मग मी दोघीस्नी सारखं बोलले. एकीला म्हणलं, माझ्या भाकरीला नावं ठिवत व्हता. ती आजी असंल तर तिला लागू, राजाबाई असंल तर तिलाबी लागू. तुमची आजी मला काय कमी बोलली व्हय. पैल्या साली मी भाकरी करपवली तर म्हणाली व्हती, ही पोरगी घर पेटवाय आली.

आता मी एक सांगते. ह्ये मी तुमास्नी सांगणार न्हवते.

तुमी गेल्या श्रावणात शब्द देऊन पुण्याला गेला, त्याच्या दुसऱ्या दिशी मी आजीची येणी घालत व्हते. ती म्हणाली, तानू, गेणूला म्या चारचौघांत सांगितलं त्ये चारचौघांसाठी व्हतं. मला राजाबाईशेजारीच बसव. मी म्हणलं, का गं आजी, तू तर जनमभर तिच्या नावानं बोटं मोडलीस. तर म्हणाली, "मी हितं आले तवा माझं दुधाचं दात पडत व्हतं. कोकरू कसं काढायचं, लोकर कशी पिंजायची, देवाफुडं काय बोलायचं, समदं तिनंच शिकवलं. ती गेली तवा मला बोलणारं कुणी ऱ्हायलं न्हाई, म्हणून म्या तिला बोलत ऱ्हायले. भांडायला माणूस जवळ पायजे, तानू. लांब बसवलं तर वरडावं लागंल, आणि आता माझा घसा बसलाय." मग म्हणाली, कुणाला सांगू नगं, जनमभर भांडले आणि आता असं म्हणले तर लोक हसतील. मी शपथ घेतली.

म्हणून मी तुमास्नी लिवलं व्हतं, बसवायचं मी बघते. तुमी दाराकडं म्हणत बसला असता, मी हुं म्हणले असते आणि दोघी शेजारीच ठिवल्या असत्या. तुमच्याशी खोटं बोलायचं मी पितरपाटाच्या आदीपासनं ठरवलं व्हतं. तुमचा घोळ झाला म्हणून मला खरं सांगता आलं. आजीची शपथ मोडली, त्याचं पाप माझ्या माथी. पर तुमी जेवत न्हाई म्हणल्यावर काय करू. तीबी म्हणाली असती, सांग त्या येड्याला.

तवा आता ऐका. दोघीबी दाराकडच्या टोकाला हायेत, खेटून. दोघींस्नी मेंढरं दिसत्यात. कोण कंची त्ये त्यांचं त्यांनी बघावं. आणि भावजी, माझी येळ आली की मलाबी त्यांच्याशेजारी बसवा. त्याच सोनाराकडनं, त्याच ठशातनं. तवा कुणी आमाला तिघीस्नी घासताना बोलणारं असलं म्हंजे झालं.

एक मिश्रीची चिमट दोघींफुडं ठिवलीया. आजी दर आयतवारी राजाबाईफुडं ठिवायची, कुणाला दिसू न देता. हे तुमास्नी ठावं हाय का?

तानू

*

पुणे,
आश्विन शुद्ध चतुर्थी

वहिनी,

ठाऊक नव्हतं. आजीचं मला काय ठाऊक होतं, असा प्रश्न आता पडतो. तिची नक्कल मला येते, एवढंच म्हणायचं.

तुमचं पत्र वाचून मी जेवलो. मग कुशाबांच्या मुलाला बाकावरून उतरवलं. अजून उभा होता असं नाही, पण त्याला घरी जाऊन सांगितलं की "व्हय" म्हणायला हरकत नाही. कुशाबा माझ्याकडे काळजीनं बघत होते.

दोघींना मेंढरं दिसतात हे वाचून फार बरं वाटलं. मी भंडारा लावून दिलेला शब्द मोडला आणि त्यानंच तिचं खरं म्हणणं राखलं गेलं. याचं श्रेय घ्यायला मी तयार आहे, पण दादासमोर नको.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट टोचली. त्यात मला एकही शिवी नव्हती. आजी गेल्यापासून मला खडसावणारं घरात तुमच्याशिवाय कुणी राहिलं नाही, आणि तुम्ही जर माझी कीव करून गोड लिहायला लागलात तर मी कुणाकडे बघायचं? इथे सगळे मला मास्तर म्हणतात. ते ऐकून ऐकून मला माझं नावसुद्धा सपाट झाल्यासारखं वाटतं.

दसऱ्याला येतो. उंबऱ्यातच उभं करून, दादाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पोटभर बोला. वर्षभराचं राहिलेलं सगळं बोला. आजी बोलली असती तेही त्यातच घाला, तुम्हांला जमेल. मग भाकरी वाढा. पहिला तुकडा कुत्र्याला, ते मी विसरलेलो नाही.

तुमचा,
गेणू